नव्या गाडीचे जुने दुखणे

दसऱ्याच्या दिवशी दारात नवी मोटार उभी राहिली, की घरातली वडील मंडळी काय करतात हे सांगायला नको. झेंडूची माळ चढते, हळदीकुंकवाची बोटे उमटतात, नारळ फुटतो आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली जाते. लिंबू चिरडले, की दृष्ट गेली! गेल्या दसऱ्याला माझ्या पुतण्याची नवीकोरी डिझेल गाडी अशीच चार लिंबे चिरडून आमच्या अंगणातून बाहेर पडली. आणि मार्गशीर्ष उजाडायच्या आत कंपनीच्या गॅरेजात जाऊन पडली.

झाले होते ते एवढेच, की चालकासमोरच्या तक्त्यावर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी चढावर जोर धरीनाशी झाली. दोन दिवसांनी गाडी परत आली; पंधरा दिवसांनी दिवाही परत आला. गुढीपाडव्यापर्यंत अशा चार खेपा झाल्या. दर खेपेला हातात एक कागद पडे. एकदा त्यावर 'दोष दूर केला' असे लिहिलेले असे, तर एकदा 'दोष आढळला नाही'. चौथ्या खेपेला तिथला गृहस्थ गोड हसून म्हणाला, "साहेब, गाडीत काही नाही. तुमच्या चालवण्यातच काहीतरी असेल." पुतण्या घरी आला तो लालबुंद होऊन. म्हणाला, "काका, नवी गाडी घेतली ती बिघडावी, आणि वर दोष माझाच?"

एरवी मी यंत्रांच्या वाटेला जाणारा माणूस नव्हे. पण कोणतीही तक्रार ऐकली, की 'हे पूर्वी कधी घडले होते का?' असे विचारण्याची इतिहासाच्या विद्यार्थ्याला खोडच असते. म्हणून पुस्तके उघडली, आणि चकित झालो. माझ्या पुतण्याचे दुखणे डिझेल इंजिनाच्या जन्माइतकेच जुने आहे! ज्याने पहिल्यांदा हे इंजिन विकत घेतले, त्याच्या नशिबीही हेच आले होते. आणि अमेरिकेत तर अशा नव्या पण सारख्या बिघडणाऱ्या गाडीला लोक 'लिंबू'च म्हणतात. आपण लिंबू चाकाखाली ठेवतो. तिकडे नशीब फिरले तर ते चाकांवर उभे असते, एवढाच फरक! या लिंबाची ही कथा.

* * *

कथेचा आरंभ होतो म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात, एका तासाला. बाकावर बसला होता रुडोल्फ डिझेल नावाचा विद्यार्थी. १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, जर्मन आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. बाप पुस्तकबांधणीचे आणि चामड्याचे काम करी. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध जुंपले, तेव्हा या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले, आणि बारा वर्षांच्या रुडोल्फची रवानगी शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातलगांकडे झाली. म्यूनिकमध्ये त्याला गुरू लाभले ते कार्ल फोन लिंडे; बर्फ करण्याच्या यंत्रांनी ज्यांचे नाव झाले ते हेच. लिंडे यांनी त्या तासाला सांगितले, की वाफेचे चांगले यंत्रदेखील कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा दहाच्या आतबाहेर एवढाच भाग कामी लावते. बाकीची सारी वाया जाते. इतर मुलांनी हे परीक्षेपुरते लिहून घेतले असेल. या मुलाने ते वहीच्या समासात टिपले आणि आयुष्यभर मनात वागवले.

त्याला सुचलेली युक्ती समजायला यंत्रशास्त्र नको. सायकलचा पंप पुरे. पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा जोराने आत रेटला, की नळी गरम लागते. हवा दाबली म्हणजे ती तापते. मग ती इतकी दाबावी, की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, वात नको, काडी नको. या कल्पनेचे पेटंट त्याला १८९३ साली मिळाले. त्याच साली त्याने आपले पुस्तकही प्रसिद्ध केले. कागदावरचा हिशेब डोळे दिपवणारा होता. उष्णतेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कामी लागेल, असे गणित सांगत होते. मात्र त्यासाठी वातावरणाच्या अडीचशे पट दाब हवा होता. ते अशक्य आहे हे त्याला लवकरच उमगले, आणि गणित खाली उतरवावे लागले.

ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे मुख्य हाइनरिख बुत्स यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली परीक्षा झाली. कारखान्याच्या पट्ट्याने यंत्र फिरवून आत इंधन सोडले मात्र, आणि असा स्फोट झाला, की दाब मोजण्याचे उपकरणच फुटून त्याचे तुकडे उडाले. यंत्र चालले नव्हते. पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, एवढे सिद्ध झाले होते. पुढे १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, तेही मिनिटभरच. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. उष्णतेपैकी शेकडा २६.२ भाग कामी लागत असल्याचे दिसले. तीन चतुर्थांशाच्या स्वप्नापुढे हे थोडेच; पण त्या काळच्या कोणत्याही उष्णतायंत्राला हे साधलेले नव्हते. चार वर्षे खपल्याचे चीज झाले, आणि विकत घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या.

इथेच ते दुखणे सुरू झाले.

* * *

परीक्षेला बसलेले यंत्र म्हणजे लाडावलेले लेकरू असते. त्याच्या अवतीभवती त्याचा बाप, कसलेले मिस्त्री, निवडलेले इंधन. जरा कुठे खरखर झाली, की दहा हात धावणार. तेच यंत्र गिऱ्हाइकाच्या दारी गेले, की सासरी गेलेल्या मुलीसारखे. तिथे ते कुणाच्या ओळखीचे नाही, आणि त्याला समजून घ्यायला कुणाला सवड नाही.

डिझेलचे विक्रीस निघालेले पहिले इंजिन १८९८ साली बव्हेरियातील केम्पटेन येथे गेले. दोन सिलिंडर, साठ अश्वशक्ती. गिऱ्हाईक कोण, तर काडेपेट्यांचा कारखाना! काडी न ओढता पेटणारे यंत्र काडेपेटीवाल्यानेच आधी विकत घ्यावे, याहून मोठा योगायोग कोणता? पण ते तिथे नीट चालेना. तेलाचा फवारा उडवण्यासाठी तेव्हा पंप नव्हता. उच्च दाबाची हवा तेलाला आत फुंकत असे, आणि त्यासाठी इंजिनाला वेगळे वायुदाबयंत्र जोडावे लागे. ते यंत्र रुसे, फवाऱ्याची बारीक जाळी तुंबे, जळण अपुरे झाले, की काजळी धरे, झडपा गळत. ऑग्सबर्गची माणसे तिथे जाऊन खपत राहिली.

दुसऱ्या एका ठिकाणी तर याहून वाईट झाले. ऑग्सबर्गमध्येच १८९८ साली केवळ डिझेल इंजिने करण्यासाठी एक नवी कंपनी उभी राहिली. तिने घाईने इंजिने बांधली, विकली, आणि गिऱ्हाइकांनी ती सदोष म्हणून परत केली. थोड्याच काळात तिचे उत्पादन बंद पडले. कागदोपत्री तेवढी ती १९११ पर्यंत तग धरून होती. त्याच १८९८ सालच्या सप्टेंबरात डिझेलचे हक्क सांभाळण्यासाठी पस्तीस लाख मार्कांचा व्यवहार होऊन एक निराळी संस्था स्थापन झाली होती. म्हणजे एकीकडे पैशांचा पाऊस, दुसरीकडे तक्रारींचा! या ओढाताणीत डिझेलची प्रकृती ढासळली आणि त्या वर्षाच्या शरदात त्याला म्यूनिकजवळच्या आरोग्यधामात दाखल व्हावे लागले. इंजिन आजारी, इंजिनाचा बापही आजारी!

मग हे इंजिन बरे कुणी केले? त्याचे श्रेय इतिहासात बहुधा डिझेलच्या एकट्याच्या नावावर जमा होते. पण खरे रोगनिवारण केले ते ऑग्सबर्गच्या जुन्या कारखान्यातल्या इमानुएल लाउस्टर यांच्यासारख्या अभियंत्यांनी. त्यांनी जाळीचा फवारा काढून तबकड्यांचा बसवला, झडपा आणि वायुदाबयंत्र सुधारले, भागांचे माप अधिक काटेकोर केले. यात स्फुरण थोडे आणि चिकाटी फार होती. त्यांनी दोष नाकारला नाही. तो कुठे आहे ते पाहिले. म्हणूनच तो जुना कारखाना टिकला आणि पुढे 'मान' या नावाने जगाला माहीत झाला. घाई करणारी नवी कंपनी नामशेष झाली.

पुढची वाट मग सरळ होती. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. १९१२ साली डेन्मार्कचे 'सेलांडिया' हे जहाज डिझेलच्या बळावर थेट बँकॉकच्या सफरीला निघाले. पण डिझेलच्या मनात एक इच्छा उरली होती: आपले इंजिन मोटारगाडीत बसावे. ती पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडले. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याने उडी घेतली की आणखी काही घडले, यावर अजून वाद घातला जातो.

आपल्याकडे हे यंत्र आले ते मोटारीतून नव्हे, तर विहिरीवरून. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन घडवले. १९४६ साली पुण्याला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. आमच्या खेड्यापाड्यांत 'इंजिन' म्हटले, की आगगाडी नव्हे, तर मळ्यात धकधक करणारे, उसाला पाणी पाजणारे हे यंत्रच डोळ्यांपुढे येई. ते बिघडले, तर शेतकरी अंगरखा काढून स्वतः पान्हा घेऊन बसे. जमिनीला बोल्टाने जखडलेले हे यंत्र सोशिक होते. त्याला वजनाची फिकीर नव्हती, वेगाची घाई नव्हती. मोटारीचे तसे नसते.

* * *

मोटारीत बसण्यासाठी डिझेलला आपला अवजड देह टाकून द्यावा लागला. सर्वांत आधी ते फुंकणारे वायुदाबयंत्र जायला हवे होते. १९०९ साली बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी मुख्य सिलिंडरालगत एक छोटी 'आधीची खोली' करण्याची कल्पना मांडली. तेल आधी तिथे पेटते आणि ज्वाळा मोठ्या खोलीत शिरते. १९२७ पासून बॉश कंपनीचे तेलपंप मोठ्या संख्येने मिळू लागले. हा पंप म्हणजे डिझेल इंजिनाचे हृदय! भातुकलीच्या पळीतही दिसणार नाही एवढासा तेलाचा थेंब तो मिनिटाला शेकडो वेळा, अचूक वेळी, प्रचंड दाबाने आत सोडतो. त्याचे भाग एकमेकांत इतके बेमालूम बसवलेले असतात, की पाण्याचा अंश वा धुळीचा कण त्यांना विषासारखा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती कामी येणार आहे.

मर्सिडीज-बेन्झ कंपनीने १९३० च्या दशकात आधी सहा सिलिंडरांचे, सुमारे ३.८ लिटरचे डिझेल इंजिन काही गाड्यांत बसवून पाहिले. ते एवढे हादरे देई, की गाडीचा सांगाडाच टिकेना. इथे त्या कंपनीने जे केले, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचे वाटते. तिने ती गाडी विकली नाही! तिने लहान, चार सिलिंडरांचे, २.६ लिटर आणि ४५ अश्वशक्तीचे इंजिन केले, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात '२६० डी' ही गाडी मांडली. ती देखणी नव्हती, चपळही नव्हती; टॅक्सीवाल्यांनी मात्र तिला उचलून धरले, कारण दिवसभर पळणाऱ्याला तेलाचा हिशेब कळतो. १९४० पर्यंत अशा दोन हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. त्याच घराण्यातली १९७६ ची एक '२४० डी' ग्रीसमधील थेसालोनिकी येथे टॅक्सी म्हणून धावली, ती ४६ लाख किलोमीटर! २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात विसावली. म्हणजे डिझेल मोटार टिकत नाही, असे कुणी म्हणू नये. ती टिकते, पण तिला टिकाऊ करण्यासाठी आधी कुणीतरी थांबावे लागते.

* * *

आता अमेरिकेकडे वळू. कारण हे थांबणे जिथे कुणाला जमले नाही, ती ही जागा.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि अमेरिकेत पेट्रोलच्या पंपांवर मैलमैल रांगा लागल्या. १९७५ साली तिथल्या संसदेने कायदा केला, की १९७८ च्या गाड्यांपासून प्रत्येक कंपनीच्या मोटारींनी सरासरीने एका गॅलनमध्ये निदान १८ मैल गेले पाहिजे, आणि १९८५ पर्यंत ही मजल साडेसत्तावीस मैलांवर न्यावी. अमेरिकन मोटार म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना. तिला हे कसे झेपावे? जनरल मोटर्स कंपनीला उत्तर सुचले ते डिझेलचे. तिच्या ओल्ड्समोबाइल विभागाने ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, १२० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन १९७७ च्या शरदात बाजारात आणले. पुढे ते कंपनीच्या इतर गाड्यांतही बसले. १९८० च्या कॅडिलॅक सेव्हिल या श्रीमंती गाडीला तर मूळचे इंजिन तेच.

लोक अजून सांगतात, की कंपनीने पेट्रोलच्या इंजिनालाच डिझेलचा मुखवटा चढवला. हे खरे नाही. डिझेलचा ठोकळा अधिक जाड ओतलेला होता, आसाचे आधार अधिक मोठे होते. मेख होती ती निराळीच. पेट्रोलची इंजिने करणाऱ्या यंत्रसामग्रीवरच ही इंजिने व्हावीत, म्हणून काही मापे जुनीच ठेवली होती. त्यांतच सिलिंडरावरचे झाकण, म्हणजे 'हेड', जखडणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी आली. पेट्रोलच्या इंजिनात हवा आठेक पट दाबली जाई; इथे ती साडेबावीस पट! प्रेशर कुकरचे झाकण साध्या पातेल्याच्या कडीने बंद करावे, तसे हे झाले. बोल्ट ताणले जात, कधी तुटत. हेड आणि ठोकळा यांच्यामधले गॅस्केट फुटे. गाडी थंड ठेवणारे पाणी सिलिंडरात शिरे. पाणी काही हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर आला, की त्यावर आपटे, आणि इंजिनाचा निकाल लागे.

दुसरा दोष तेलपंपाचा. मघाशी ध्यानात ठेवा म्हटले, ते आता आठवावे. त्या काळी तिकडच्या पंपांवर मिळणाऱ्या डिझेलमध्ये पाण्याचा अंश पुष्कळदा असे. मालमोटारवाल्यांना ते ठाऊक होते, म्हणून त्यांच्या गाडीत पाणी वेगळे काढण्याचे भांडे असे. या नव्या मोटारीत पहिल्या वर्षांत ते दिलेले नव्हते. पाणी थेट पंपात जाई आणि तो गंजे. काही मालक जुन्या सवयीने टाकीत मद्यार्क ओतत. पेट्रोलच्या गाडीत पाणी शोषून घ्यायला तो उपयोगी पडे. डिझेलच्या पंपातल्या नाजूक भागांना मात्र तोच जाचे. ओतू नका, असे सांगायचे कुणी?

तिसरा दोष दुरुस्तीचा. गावोगावच्या विक्रेत्यांकडचे मिस्त्री पेट्रोलवर वाढलेले. गॅस्केट फुटले, की ते नवे गॅस्केट घालून तेच ताणलेले बोल्ट पुन्हा आवळत. महिन्याभराने गाडी पुन्हा दारात! मालकाला वाटे, आपण शापित गाडी घेतली. मिस्त्र्याला वाटे, मालक गाडी नीट चालवत नाही. दोघांतले कुणीच खोटे बोलत नव्हते, आणि दोघांनाही खरे कारण माहीत नव्हते.

१९८१ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींत डिझेलचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास गेले होते; हा कळस. त्याच सुमारास कंपनीने ठोकळा सुधारला आणि बऱ्याच चुका दुरुस्त केल्या. म्हणजे इंजिन बरे होऊ लागले, तेव्हाच त्याची अब्रू गेली! तेवढ्यात पेट्रोलही उतरू लागले. १९८५ नंतर कंपनीने ही इंजिने बंद केली, आणि अमेरिकन माणसाच्या मनात डिझेल मोटारीबद्दल जी अढी बसली, ती पुढच्या पिढीपर्यंत सुटली नाही. काही वर्षांच्या घाईची किंमत काही दशके मोजावी लागली.

* * *

मात्र या घोटाळ्यातून एक चांगले निघाले. केवळ डिझेलमुळे झाले असे मी म्हणत नाही. लिंबे पेट्रोलच्या बागेतही भरपूर पिकत होती. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने असा कायदा केला, की नव्या गाडीतला तोच गंभीर दोष चार वेळा दुरुस्तीला नेऊनही गेला नाही, किंवा गाडी एकंदर तीस दिवस गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीने ती बदलून द्यावी वा पैसे परत करावेत. त्याला लोकांनी नाव दिले 'लिंबू कायदा', आणि काही वर्षांत राज्याराज्यांतून तसे कायदे झाले. १९८३ साली तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाशी तडजोड होऊन जनरल मोटर्सला देशभरच्या मालकांसाठी लवादाची सोय करावी लागली. तक्रारीसाठी नेमलेल्या तीन भागांत एक होता डिझेलचा तेलपंप.

आपल्या महाराष्ट्रातही ही जाग तेव्हाच येत होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 'गिऱ्हाईक' या शब्दाला जो थोडा हेटाळणीचा वास होता, तो जाऊन 'ग्राहक' हा मानाचा शब्द रूढ झाला, तो याच मंडळींमुळे. १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला, आणि २०१९ साली त्याजागी आलेल्या नव्या कायद्यात सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर स्पष्टपणे टाकली. आपल्याकडे मोटारीसाठी वेगळा 'लिंबू कायदा' नाही. पण दोष दाखवता आला, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, इतिहास ठीक आहे, पण माझ्या दिव्याचे काय?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्या दिव्याचा अर्थ शोधला. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांच्या धुराचे नियम फार कडक झाले. त्यामुळे डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी बसली. गाळणी भरली, की ती गाडी आपोआप आतल्या आत जाळून साफ करते. पण त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, मोकळ्या रस्त्यावर धावावी लागते. पुतण्याची गाडी धावते घर ते कचेरी, चार किलोमीटर, सहा सिग्नल! गाळणी तापायच्या आत गाडी थांबे, काजळी साठे आणि दिवा लागे. म्हणजे त्या गोड हसणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण गाडी विकताना 'आपण रोज किती लांब जाता?' असे त्याने एका शब्दाने विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. औषधाबरोबर पथ्य न सांगणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो?

पुतण्याने मग चारही खेपांचे कागद तारखांनिशी लावले आणि कंपनीच्या मुख्य कचेरीला एक शांत, मुद्देसूद पत्र धाडले. आठवडाभरात एक वरिष्ठ अभियंता आला. त्याने पुतण्याला शेजारी बसवून स्वतः गाडी तासभर महामार्गावर पळवली, यंत्राला यंत्र जोडून आकडे वाचले, आणि म्हणाला, "साहेब, चूक आमचीही आहे." गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा छोटा भागच सदोष निघाला, तो खोटे आकडे देत होता. भाग बदलला, पथ्यही कळले. आता दर रविवारी पुतण्या सूनबाईंना आणि मुलांना घेऊन गावाबाहेर तासाभराची फेरी मारून येतो. गाडीची गाळणी साफ होते आणि घरातल्यांचे मनही. पिवळा दिवा त्यानंतर लागलेला नाही.

त्या अभियंत्याचे ते एक वाक्य मला राहून राहून आठवते. केम्पटेनच्या काडेपेटीवाल्याकडे जाऊन खपणाऱ्या माणसांचे तो वंशज शोभला. यंत्रे बिघडायचीच, मनुष्याने केलेली कोणती वस्तू बिघडत नाही? पण बिघाड कबूल करणारा माणूस पलीकडे असला, की यंत्र सुधारते. आणि नोंदी ठेवणारा, न चिडता पण न सोडता विचारणारा ग्राहक अलीकडे असला, की तसा माणूस कधी ना कधी पुढे येतो.

यंदा दसऱ्याला पुतण्याने गाडीची पूजा केली. चार लिंबे नेहमीप्रमाणे चाकांखाली गेली. मी मात्र दुरुस्तीच्या कागदांची ती फाइलही हळदीकुंकू लावून पूजेत ठेवायला लावली. शस्त्रपूजनच ते, शस्त्रे काय, काळाप्रमाणे बदलतात!